तिचा पगार मिळाला का?



दोन देशांचे बिनसले की पहिला राग एकमेकांच्या वकिलातीवर निघतो. तुम्ही आमचा एक अधिकारी घालवलात, आम्ही तुमचा एक घालवतो. तुम्ही आमच्या माणसाच्या गाडीमागे पोलीस लावलेत, आम्ही तुमच्या माणसाचा विमानतळावरचा पास काढून घेतो. गेल्या काही वर्षांत अशा बातम्या आपण पुष्कळ वाचल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये कॅनडाने आपला एक अधिकारी काढला, दुसऱ्याच दिवशी आपण त्यांचा एक काढला. पुढच्या महिन्यात कॅनडाला आपले ४१ अधिकारी भारतातून परत न्यावे लागले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या सहा-सहा जणांना निरोप दिला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या वकिलातींतली माणसे ५५ वरून ३० वर आणायला लावली. अशी बातमी वाचताना, खरे सांगायचे तर, आपल्याला बरे वाटते. बरी जिरली, असे आपण म्हणतो. हे बरे वाटणे कितपत बरे, असा प्रश्न आम्हांला बरीच वर्षे छळतो आहे. त्याचे कारण म्हणजे नाताळच्या तोंडावर आपल्याच चर्चच्या आवारात एका बाईने विचारलेला एक प्रश्न.

तो २०१३ सालचा आगमनकाळाचा चौथा रविवार होता. मिस्सा संपल्यावर आम्ही काही जण गव्हाणीचे काम करीत होतो. कुणी बांबू बांधत होते, कुणी गवत आणले होते, आणि हातांपेक्षा तोंडेच जास्त चालली होती. सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता, देवयानी खोब्रागडे. आपल्या महाराष्ट्राची लेक, शिकून परराष्ट्र सेवेत गेलेली, न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीत उपमहावाणिज्यदूत. १२ डिसेंबर रोजी मुलींना शाळेत सोडून परतताना अमेरिकन अधिकाऱ्यांनी त्यांना अटक केली. कपडे उतरवून त्यांची झडती घेतली, इतर आरोपींबरोबर कोठडीत ठेवले आणि अडीच लाख डॉलरच्या जामिनावर त्याच दिवशी सोडले. एका मोठ्या देशाच्या प्रतिनिधीला, एका आईला, अशी वागणूक! आवारातला प्रत्येक जण संतापला होता. आम्हीही संतापलो होतो. ज्यांच्या आजी-आजोबांना पाटी-पेन्सिल हातात धरण्यासाठी झगडावे लागले, त्या आपल्यासारख्या लोकांना शिकून वर गेलेल्या मुलीचा अपमान जास्तच लागतो.

तेवढ्यात सावेडीत चार घरची धुणीभांडी करणारी आपल्यातलीच एक बाई गवताचा भारा खाली ठेवत म्हणाली, "ते समदं खरं. पण त्या कामवालीचा पगार मिळाला का?"

कुणी उत्तर दिले नाही. एक जण हसला. पुन्हा अमेरिकेचा विषय सुरू झाला.

तिचा प्रश्न समजण्यासाठी प्रकरण थोडे मागे जाऊन पाहावे लागते. या अधिकारी बाईंनी घरकामासाठी आणि मुलींना सांभाळण्यासाठी भारतातून एक बाई नेली होती. तिचे नाव त्या वेळी जगभर छापून आले, पण ती काही सार्वजनिक व्यक्ती नव्हती, म्हणून आम्ही ते लिहीत नाही. अमेरिकेचा व्हिसा मिळावा म्हणून जो करार दाखवला गेला त्यात तिला तासाला ९.७५ डॉलर मिळतील असे लिहिले होते. सरकारी वकिलांचा आरोप असा होता की, दुसरा एक करार वेगळाच होता. त्यात महिन्याला ३०,००० रुपये ठरले होते, आणि आठवड्याला ४० तास काम धरले तरी ते तासाला ३.३१ डॉलर पडत. त्या वेळी तिथला किमान वेतनाचा दरच ७.२५ डॉलर होता. जून २०१३ मध्ये ती बाई घर सोडून गेली. अधिकारी बाईंच्या बाजूने सारे आरोप नाकारण्यात आले. उलट, तिला अमेरिकेत कायमचे राहायचे आहे आणि त्यासाठी हा सारा खटाटोप आहे, असे सांगण्यात आले. आपल्या सरकारने तिचा पासपोर्ट रद्द केला. दिल्लीच्या न्यायालयांतही तिच्याविरुद्ध आदेश निघाले, नोव्हेंबरमध्ये अटकेचे वॉरंटही निघाले. मग अमेरिकेने तिच्या नवऱ्याला आणि मुलांना व्हिसा देऊन अटकेच्या दोनच दिवस आधी भारतातून नेले. म्हणजे दोन्ही सरकारे या बाईला आपापल्या बाजूला ओढत होती. दोघींपैकी खरे कुणाचे, हे ठरवायला आम्ही न्यायाधीश नाही.

अटकेची बातमी आल्यावर दिल्लीत काय झाले ते सर्वांना आठवत असेल. पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी त्या वागणुकीला निंद्य म्हटले. भेटीला आलेल्या अमेरिकन लोकप्रतिनिधींना भेटायला सत्ताधारी आणि विरोधक दोघांच्याही नेत्यांनी नकार दिला. निवडणूक जवळ आली होती, हेही विसरू नये. अमेरिकन वकिलातींतल्या अधिकाऱ्यांना ओळखपत्रे परत करायला सांगितले, विमानतळाचे पास काढून घेतले, त्यांच्यासाठी बाहेरून येणारे सामान आणि मद्य रोखले. १७ डिसेंबरला चाणक्यपुरीतल्या दूतावासासमोरचे सिमेंटचे अडथळे उचलण्यात आले, आणि ते दृश्य दूरदर्शनच्या सगळ्या वाहिन्यांवर दिवसभर चालले. दूतावासाच्या आवारातल्या क्लबने बाहेरच्या लोकांसाठी चालवलेले व्यवहार १६ जानेवारीपर्यंत बंद करावेत, असा हुकूमही नंतर सुटला. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी यांनी आपल्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांना फोन करून खेद व्यक्त केला, पण खटला काही मागे घेतला गेला नाही. शेवटी आपण या अधिकारी बाईंची नेमणूक संयुक्त राष्ट्रांतल्या आपल्या कार्यालयात केली. त्यामुळे त्यांना पूर्ण राजनैतिक संरक्षण मिळाले. ९ जानेवारी २०१४ रोजी तिकडे आरोपपत्र दाखल झाले आणि त्या मायदेशी निघाल्या. लगेच आपण त्यांच्याच दर्जाच्या एका अमेरिकन अधिकाऱ्याला दिल्ली सोडायला लावली. मार्चमध्ये न्यायाधीशांनी आरोपपत्र रद्द केले ते याच कारणाने की, ते दाखल झाले तेव्हा त्यांना संरक्षण होते. दोन दिवसांनी पुन्हा नवे आरोपपत्र आले. त्या निकालाने संरक्षणाचा प्रश्न सोडवला. पगार किती ठरला आणि किती दिला, याचा निवाडा त्यात नव्हता.

आता मुख्य गोष्ट. आपल्या सरकारने जशास तसे केले, ते चुकले का? चर्चच्या पत्रकात लिहीत आहोत म्हणून लगेच दुसरा गाल पुढे करा असे सांगून मोकळे होणे आम्हांला पटत नाही. माझ्या गालावर कुणी मारले तर दुसरा पुढे करण्याचा अधिकार माझा आहे. पण सरकारजवळ स्वतःचा गाल नसतो, असतो तो दुसऱ्या कुणाचा तरी. न्यूयॉर्कमध्ये झडती झाली ती दिल्लीतल्या मंत्र्याची नव्हे. तिच्या वतीने क्षमा करून मोठेपणा मिरवणे मंत्र्याला सोपे गेले असते, आणि उद्या दुसऱ्या एखाद्या देशात आपल्या एखाद्या कारकुनाला त्याची किंमत मोजावी लागली असती. वकिलातींचा सारा व्यवहार परस्परांवर चालतो. १९६१ आणि १९६३ साली व्हिएन्ना येथे झालेल्या दोन करारांवर तो उभा आहे. ते करार मोडले तर पकडायला कुठला जगाचा फौजदार येत नाही. माझी माणसे तुझ्याकडे आहेत, तुझी माझ्याकडे आहेत, एवढाच काय तो धाक. पहिल्या करारात तर हे स्पष्टच म्हटले आहे की, एखादा देश आमच्या वकिलातीला सवलती आखडून देत असेल तर त्याच्या वकिलातीला आम्हीही तेवढ्याच आखडून देऊ शकतो. दूतावासाच्या अधिकाऱ्यापेक्षा वाणिज्यदूताला संरक्षण कमी असते, ते त्याच्या कामापुरतेच असते, आणि गंभीर गुन्ह्यात न्यायालयाच्या हुकुमाने त्याला अटक होऊ शकते, हा अमेरिकेचा मुद्दाही कागदावर काही खोटा नव्हता. पण अटक करता येते म्हणून कपडे उतरवावेत असे कुठे लिहिलेले नाही.

मोशेच्या नियमशास्त्रातला डोळ्याचा आणि दाताचा नियम आपण सूडाचा नियम समजतो. खरे तर तो सूडाला घातलेला लगाम आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात केनच्या वंशातला लामेख बायकांसमोर फुशारकी मारतो की, आपला सूड सत्त्याहत्तर पट असेल. त्या लामेखाला मोशेने एकावर आणून ठेवले. एका डोळ्यासाठी एकच, दुसरा नाही. प्रभू येशूने त्याच्याही पुढे जायला सांगितले, पण एकावर थांबणे हीसुद्धा काही लहान गोष्ट नव्हे, आणि राष्ट्रांच्या बाबतीत तर आपण अजून तिथवरही धड पोचलेलो नाही. या मापाने पाहिले तर ओळखपत्रे आणि पास काढून घेणे आम्हांला रास्त वाटते. आमच्या अधिकाऱ्याला ज्या सवलती तुम्ही देत नाही त्या आम्ही तुम्हांला का द्याव्यात? क्लबचेही तसेच. रस्त्यावरचे अडथळे उचलणे मात्र आम्हांला तेव्हाही खटकले होते. ते अडथळे कुणाच्या मानासाठी नव्हते, जिवासाठी होते. त्यांच्या आत राजदूत बसत, तसे आपले शिपाई, आपले माळी, आपले ड्रायव्हर आणि व्हिसाच्या रांगेत उभी असलेली आपलीच मुलेही असत.

आता त्या यादीतले एक कलम सांगतो, त्याकडे त्या वेळी फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. आपल्या सरकारने अमेरिकन वकिलातींकडे माहिती मागितली की, तुमच्या अधिकाऱ्यांच्या घरी जे भारतीय नोकर काम करतात त्यांना तुम्ही पगार किती देता? प्रश्न अगदी योग्य होता. तो आधीच विचारायला हवा होता, फक्त अमेरिकनांना नव्हे, सगळ्यांनाच. परंतु तो विचारला गेला तो टोला म्हणून. तुम्ही आमचे पगार काढता काय, थांबा, आम्ही तुमचे काढतो. दिल्लीतल्या कुठल्या आचाऱ्याच्या ताटात त्याने एक भाकरी वाढावी, या हेतूने तो विचारलेला नव्हता. खटला चालवणारे तिकडचे सरकारी वकील प्रीत भरारा भारतातच जन्मलेले. त्यांनी निवेदन काढून असे विचारले होते की, आरोपी भारतीय बाईच्या वागणुकीबद्दल एवढा संताप आहे, मग ज्या भारतीय बाईवर अन्याय झाल्याचा आरोप आहे तिच्याबद्दल इतका थोडा का? ते वाचून आम्हांला राग आला होता. हा कोण आम्हांला शिकवणारा, असे वाटले होते. आणि तोच प्रश्न आपल्या आवारात गवताचा भारा आणणारीने विचारला होता, तेव्हा आम्ही हसण्यावारी नेला.

दोन देशांचा हा हिशेब आम्हांला या कारणाने अपुरा वाटतो. त्यात अधिकाऱ्याच्या बदल्यात अधिकारी, पासच्या बदल्यात पास अशी जोडी जुळते. जिच्यावरून सारे सुरू झाले तिच्या जोडीला पलीकडे कुणीच नसते. म्हणून ती हिशेबातच येत नाही. दोन्ही पारडी समसमान झाली, दोन्ही देशांचे समाधान झाले, तरी तिचे जे काय असेल ते तसेच राहते. कॅनडाच्या भांडणातही तेच झाले. २१ सप्टेंबर २०२३ पासून आपण कॅनडाच्या नागरिकांचे व्हिसा बंद केले, आणि त्यांत कितीतरी आपल्याच घरची, तिकडचे नागरिकत्व घेतलेली मुले होती. कुणाला आईच्या दुखण्यासाठी यायचे होते, कुणाला बहिणीच्या लग्नासाठी. त्यांचे कुणाशीच भांडण नव्हते.

आपल्या नगरकरांना हे दूरच्या देशांवरून समजून घेण्याचीही गरज नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी हिंदुस्थानातल्या जर्मन नागरिकांना पकडून ठेवण्यासाठी जी छावणी केली ती इथेच, आपल्या अहमदनगरला होती. शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, तरी जुन्या कागदांत ते त्याच नावाने सापडते. इंग्लंडने जर्मनांना पकडले म्हणून जर्मनीने नोव्हेंबर १९१४ मध्ये बर्लिनजवळच्या रुहलेबेन येथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात इंग्रजांना कोंडले. तेव्हाही जशास तसेच होते. आपल्या या भागात तेव्हा जर्मन येशूसंघीय धर्मगुरू गावोगाव काम करीत होते. मुंबईचे मिशन त्यांच्याकडेच होते. या धर्मगुरूंपैकी काही जणांना त्याच छावणीत आणून ठेवले, आणि १९१५-१६ मध्ये जहाजांतून मायदेशी पाठवले. स्वित्झर्लंड तटस्थ होता म्हणून तिकडचे काही जण मागे राहू शकले. युद्ध संपले तरी जर्मनांना लगेच परत येऊ दिले नाही. बर्लिनच्या आणि लंडनच्या हिशेबात एक जर्मन आणि एक इंग्रज अशी बरोबरी झाली असेल. पण इकडच्या वाड्या-वस्त्यांवर ज्यांचे लहान मूल बाप्तिस्म्यावाचून राहिले, ज्यांची शाळा मास्तरावाचून पडली, त्यांनी कुणाचे काय केले होते? पारनेर आणि नेवाशाच्या शेतकऱ्याला कैसर कोण हेही ठाऊक नव्हते.

पोप योहान तेविसावे यांनी ११ एप्रिल १९६३ रोजी पृथ्वीवरील शांतीविषयी जे विश्वपत्र लिहिले त्यात असे म्हटले आहे की, माणसामाणसांतल्या वागणुकीला जो नैतिक नियम लागू आहे तोच राष्ट्राराष्ट्रांतल्या वागणुकीलाही आहे. सत्तेवर बसला म्हणून माणूस त्यातून सुटत नाही. वाणिज्यदूतांविषयीचा व्हिएन्नाचा करार त्याच महिन्यात, तेरा दिवसांनी झाला. एकीकडे जगाचे मुत्सद्दी कुणाला कधी अटक करता येईल याची कलमे घालत होते, आणि दुसरीकडे रोममध्ये एक आजारी म्हातारा सगळ्यांना एकच माप लावा म्हणत होता. दोन्ही कागद लागतात, असे आमचे मत आहे. पहिल्याने अधिकारी सुरक्षित राहतो. पण ती घरकाम करणारी दुसऱ्याशिवाय दिसतच नाही.

आणि एकच माप म्हटले की ते आपल्या दारातही लावावे लागते. आपल्या धर्मग्रामातल्या किती बाया दुसऱ्यांच्या घरी कामाला जातात, हे आपल्याला ठाऊक आहे. राहुरी, श्रीरामपूरकडच्या कितीतरी मुली पुण्या-मुंबईला मुले सांभाळायला गेल्या, काही आखातातही गेल्या. तिथून पगार थकल्याचा, पासपोर्ट मालकाने ठेवून घेतल्याचा फोन आला की आपण फादरांकडे धावतो. पण आपल्यातलेच काही जण नोकरीत बरे स्थिरावले, घरात धुण्याभांड्याला बाई आली, आणि तिच्याशी आपण कसे वागतो? महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. २०११ साली जिनिव्हाला घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार झाला तेव्हा भारताने बाजूने मत दिले, पण तो स्वतःला लागू करून घेतलेला नाही. सरकारचे राहू द्या. आमच्यापैकी एकाच्याच घरी, कामाची बाई हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला गेली त्या दोन दिवसांचे पैसे कापले गेले होते. घरातली माणसे स्वतः त्याच यात्रेला गेली होती, आणि त्यांचा पगार मात्र रजा टाकून चालू होता. हे कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. तेव्हा ते चुकीचे वाटलेसुद्धा नाही, म्हणून लिहितो.

खोब्रागडेबाई पुढे कंबोडियात भारताच्या राजदूत झाल्या. दिल्ली आणि वॉशिंग्टन यांचे संबंध केव्हाच सुरळीत झाले, मध्येच पुन्हा बिघडतात, पुन्हा जुळतात. गव्हाणीचे गवत आणणारी ती आपली बाई आता थकली आहे, कामे सुटली आहेत, पण सकाळच्या मिस्साला येते. परवा आम्ही तिला विचारले की, तुम्ही त्या वेळी असे असे म्हणाला होतात, आठवते का? न्यूयॉर्कचे प्रकरण तिला काही आठवेना. मी कशाला असे विचारीन, म्हणाली. मग तिथेच पायरीवर बसून तिने बोटे मोजायला घेतली. कुठल्या कॉलनीत, कुठल्या मजल्यावर, कुणाकडे किती महिन्यांचे राहिले ते एकेक करून सांगितले, आणि त्यातली दोन घरे आपल्या ओळखीची निघाली.